कोड खुला आहे, हिशेबाचे काय?

२० फेब्रुवारी २०२४ रोजी दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे आयआयटी भिलाईच्या कायमस्वरूपी परिसराचे लोकार्पण झाले. २०१६ साली रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, उसन्या जागेत सुरू झालेली ही संस्था आपल्या घरी आली, याचा आम्हा भिलाईकरांना आनंद होणे स्वाभाविक होते. त्यानंतर साडेपाच आठवड्यांनी, २९ मार्च रोजी, संगणकविश्वाची झोप उडवणारी एक बातमी आली. या दोन घटनांचा परस्परांशी वरवर काही संबंध नाही. तरीही आमच्या गावातील जे विद्यार्थी आज मुक्तस्रोत प्रकल्पांत आपले पहिले योगदान देऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी दुसऱ्या बातमीत पहिल्या बातमीइतकाच मोठा धडा आहे, असे मला वाटते. म्हणून हा थोडा लांबलेला लेख.

ती बातमी ‘एक्सझेड’ नावाच्या छोट्या प्रकल्पाविषयी होती. माहिती दाबून लहान करण्याचे काम करणारी ही प्रणाली बहुतेक सर्व लिनक्स संगणकांत असते. वापरणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला तिचे नाव ठाऊक असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता काढता तो एका चोरदरवाजापाशी पोहोचला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी असा कोड दडवला होता की, ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्याला बाधित संगणकावर हवी ती आज्ञा चालवता यावी. या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या टप्प्यावरील लिनक्स वितरणांतच पोहोचल्या होत्या, म्हणून अनर्थ टळला.

या घटनेची चर्चा बहुधा सुरक्षेची घटना म्हणून होते. मला मात्र ती आधी माणसांची घटना वाटते. चोरदरवाजा बसवणारी ‘जिया टॅन’ नावाची व्यक्ती २०२१ पासून या प्रकल्पात नम्रपणे, नियमितपणे काम करत होती. प्रकल्पाचा मूळ मेंटेनर फिनलंडमधील एक एकटा माणूस होता. विनावेतन, फावल्या वेळात तो हे काम सांभाळत होता. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणायला सुरुवात केली. कामे का रेंगाळतात, वापरकर्त्यांची कदर का नाही, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती सूत्रे का देत नाही, असा त्यांचा सूर होता. त्यांतले एक नाव ‘जिगर कुमार’ असे होते, म्हणजे वाचणाऱ्याला भारतीय वाटेल असे. त्या मेंटेनरने आपली मानसिक प्रकृती ठीक नसल्याचे आणि हे बिनपगारी छंदाचे काम असल्याचे उघडपणे लिहिले. तरी तगादा थांबला नाही. अखेर सूत्रे हळूहळू ‘जिया टॅन’कडे गेली. ही नावे मागाहून कोठेच आढळली नाहीत. ती खोटीच असावीत असे जाणकार मानतात.

म्हणजे या हल्ल्याचे पहिले हत्यार कोड नव्हते. ते होते उत्तरदायित्वाची भाषा. ‘तू आम्हाला जबाबदार आहेस’ हे वाक्य एका थकलेल्या माणसावर वारंवार फेकले गेले आणि त्याच्या बाजूने उभे राहून ‘याला किती विचारावे यालाही काही मर्यादा आहे’ असे सांगणारे तेथे कोणी नव्हते. माझा आजचा मुद्दा येथूनच सुरू होतो. मुक्तस्रोत समुदायांत उत्तरदायित्व हवेच. परंतु कोणी, कोणाला, कशाबद्दल आणि किती उत्तर द्यावे हे ठरलेले नसेल, तर तोच शब्द जुलमाचे साधन होतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना याच्याशी काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आजचे विज्ञान याच कोडवर उभे आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेमागे नम्पाय, मॅटप्लॉटलिब यांसारखी मुक्तस्रोत साधने होती. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे; २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मान्यता दिली. त्या वेधशाळेच्या नोंदींचे विश्लेषण ज्या आज्ञावल्यांनी होणार, त्यांतील पुष्कळशा अशाच खुल्या समुदायांनी लिहिलेल्या आणि जपलेल्या आहेत. आरसे आणि निर्वात नळ्या यांच्यासाठी अंदाजपत्रक असते, निविदा असते, लेखापरीक्षण असते. ज्या कोडमुळे त्या नोंदींना अर्थ येतो, तो जपणारी दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात होते? कोणत्याही नाही.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. एक्सझेडचा मेंटेनर दुर्बळ होता. परंतु काही मेंटेनर अतिशय बलवान असतात. लिनक्सच्या कर्नल समुदायात लिनस टॉरवाल्ड्स यांचे रागीट बोलणे अनेक वर्षे दंतकथेसारखे सांगितले जाई. ‘काम उत्तम हवे, तर बोलणे कडक असणारच’ हे जणू गृहीतच होते. २०१५ साली यूएसबी ३.० साठीचा कर्नलमधला कोड लिहिणाऱ्या सेज शार्प यांनी या वातावरणाला कंटाळून कर्नलचे काम सोडल्याचे जाहीर केले. त्या वर्षी समुदायाने जो नियम केला, त्याला आचारसंहितेऐवजी ‘संघर्षसंहिता’ अशा अर्थाचे नाव होते. त्यावरून वृत्ती कळते. पुढे १६ सप्टेंबर २०१८ रोजी टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच आपल्या वागण्याबद्दल क्षमा मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नलने रीतसर आचारसंहिता स्वीकारली. त्यांच्या अनुपस्थितीत ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केली. आकाश कोसळले नाही. कर्नल पुढेही चालत राहिला.

बुद्धिमान माणसाला थोडा उद्धटपणा माफ असतो, ही समजूत आपल्याकडेही खोल रुजलेली आहे. प्रयोगशाळेत, विभागात, गाण्याच्या क्लासात आपण ती पाहतो. या समजुतीत एक हिशेबाची चूक आहे. उद्धट माणसाने केलेले काम सर्वांना दिसते. त्याच्यामुळे निघून गेलेल्यांनी जे काम केले असते, ते कोणालाच दिसत नाही. जमेची बाजू लिहायची आणि खर्चाची बाजू कोरी ठेवायची, असा तो ताळेबंद आहे.

मात्र केवळ आचारसंहिता लिहून भागत नाही. ती कोणाला लागू होते, हा खरा प्रश्न. रस्ट या संगणकभाषेच्या समुदायाकडे सुरुवातीपासून चांगली आचारसंहिता होती आणि ती पाळली जावी म्हणून स्वतंत्र मंडळीही होती. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या संपूर्ण गटाने एकाच वेळी राजीनामा दिला. त्यांचे म्हणणे असे की, प्रकल्पाचा सर्वोच्च गट स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे इतरांना लागू होणारे नियम आम्ही त्या गटाला लागू करू शकत नाही. तक्रारीचा तपशील त्यांनी गोपनीयतेपोटी उघड केला नाही. म्हणून कोण चूक, कोण बरोबर याचा निवाडा बाहेरच्याने करू नये. पण रचनेतील दोष तेवढ्यावरूनही स्पष्ट दिसला. २०२३ साली त्या समुदायाने जुना सर्वोच्च गट मोडून, वेगवेगळ्या कार्यगटांच्या प्रतिनिधींची नेतृत्व परिषद स्थापन केली.

पायथनची कथा वेगळ्या वळणाने तेथेच पोहोचते. भाषेत एका नव्या चिन्हाची भर घालण्याच्या प्रस्तावावरून इतके कडवट वाद झाले की, १२ जुलै २०१८ रोजी भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी सर्वाधिकारी पदाचा त्याग केला. मागे कोणी वारस नेमला नाही. समुदायाने आपापसांत ठरवावे, असे सांगितले. समुदायाने आराखडे मांडले, मतदान केले आणि २०१९ च्या आरंभी पाच जणांचे निवडून आलेले सुकाणू मंडळ कामाला लागले. एका माणसाच्या थकव्यातून एक संस्था जन्माला आली, असे मी म्हणेन.

भिलाईत हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. आमचे गावच मुळी एका कारखान्याभोवती वाढले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, ही तारीखवार माहिती येथील शाळकरी मुलांनाही असते. १२ जून २०१४ ही तारीखही येथे विसरली जात नाही. त्या दिवशी पोलाद कारखान्यातील पंपघराजवळ कार्बन मोनॉक्साइडची गळती झाली आणि सहा जणांचे प्राण गेले. मृतांमध्ये दोन उपमहाव्यवस्थापकही होते. वायूला पद कळत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी काम सुरू करण्याआधी परवान्याच्या कागदावर सही लागते, आणि ती सही कनिष्ठालाही लागते, वरिष्ठालाही. त्या सहीचा हेतू अपमान करण्याचा नसतो. कोणाच्या तरी घरी संध्याकाळी माणूस परत यावा, एवढाच असतो. मुक्तस्रोत समुदायांतील आचारनियमांकडे मी याच नजरेने पाहतो. सर्वांत ज्येष्ठाला जो नियम लागू नाही, तो नियम नव्हे. ती केवळ कनिष्ठांना दिलेली तंबी आहे.

आता एक अवघड उदाहरण, कारण सोप्या उदाहरणांवर मत बनवणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नसते. बीकॅशएफएस ही माहिती साठवण्याची नवी प्रणाली २०२४ च्या जानेवारीत, ६.७ या आवृत्तीतून, लिनक्समध्ये आली. तिचे कर्ते केंट ओव्हरस्ट्रीट यांच्या तांत्रिक कुवतीविषयी फारशी शंका नव्हती. परंतु सहकाऱ्यांशी झालेल्या खटक्यांमुळे २०२४ च्या नोव्हेंबरात आचारसंहितेच्या अंमलबजावणीतून त्यांच्या योगदानावर एका आवृत्तीपुरते निर्बंध आले. पुढेही मुदतीनंतर बदल पाठवण्यावरून वाद होतच राहिले, आणि २०२५ साली, ६.१८ या आवृत्तीत, तो कोड कर्नलमधून काढून टाकण्यात आला. ज्यांनी आपली माहिती त्या प्रणालीवर ठेवली होती, त्यांची काय चूक? काहीच नाही. ओव्हरस्ट्रीट यांची बाजू अशी की, वापरकर्त्यांची माहिती वाचवणे हे मुदतीहून मोठे. कर्नलची बाजू अशी की, मुदत सर्वांना सारखी, आणि सहकाऱ्यांचा विश्वास गमावून कोणी एकट्याने कर्नल सांभाळू शकत नाही. मला दुसरी बाजू अधिक पटते. पण हेही मान्य करावे लागते की, वाद सुरुवातीलाच मिटवणारा कोणी तटस्थ मध्यस्थ असता, तर शिक्षेची आणि हकालपट्टीची वेळ कदाचित आली नसती. उशिरा आलेले उत्तरदायित्व नेहमी शिक्षेच्याच रूपात येते.

इथवर आपण दूरच्या मोठ्या माणसांविषयी बोललो. आता आरसा आपल्याकडे वळवू. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार योगदाने करणाऱ्यांना टी-शर्ट देण्याची योजना होती. एका लोकप्रिय हिंदी शिकवणी वाहिनीवर क्षुल्लक बदल करून योगदान नोंदवण्याचे प्रात्यक्षिक दाखवले गेले, आणि जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर लोटला. कोठे एखादे विशेषण घातलेले, कोठे शीर्षकात ‘अप्रतिम प्रकल्प’ असे शब्द डकवलेले. मेंटेनर इतके हैराण झाले की, अवघ्या दोन-तीन दिवसांत आयोजकांना नियम बदलून, प्रकल्पाने स्वतः संमती दिली तरच तो उपक्रमात धरावा, असे ठरवावे लागले. २०२४ च्या सुरुवातीस एक्सप्रेस या प्रकल्पाच्या वाट्यालाही असेच आले. शिकवणीतील उदाहरण पाहून विद्यार्थी त्याच्या माहितीपत्रकात आपले नाव घालण्याच्या विनंत्या पाठवू लागले.

या मुलांवर दुष्टपणाचा आरोप मी करणार नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की, पलीकडे एक माणूस बसला आहे. बायोडेटावर हिरव्या चौकोनांची रांग हवी, एवढेच त्यांना शिकवले गेले होते. पण त्यानंतर जे झाले, ते अधिक वाईट होते. चिडलेल्या लोकांनी ‘भारतीय’ हा शब्दच शिवीसारखा वापरला, आणि आपल्यातील काहींनी त्याला तितक्याच त्वेषाने उत्तर दिले. मूळ प्रश्न, म्हणजे एका मेंटेनरची वाया गेलेली रविवारची दुपार, बाजूलाच राहिला. ज्या मुलाने भिलाईच्या किंवा चंद्रपूरच्या वसतिगृहात रात्रभर जागून खरोखर एक दोष शोधला असेल, त्याची विनंती आता अधिक संशयाने वाचली जाते. एकाच्या बेपर्वाईची किंमत दुसऱ्याला चुकवावी लागते.

आणखी एक भ्रम दूर व्हायला हवा. कोड खुला केला, म्हणजे उत्तरदायित्व आपोआप आले, असे नाही. आरोग्य सेतू हे अ‍ॅप २ एप्रिल २०२० रोजी आले आणि २६ मे रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला करण्यात आला. हे पाऊल स्वागतार्हच होते. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय माहिती आयोगासमोर असा प्रसंग उद्भवला की, हे अ‍ॅप कोणी, कसे तयार केले या साध्या प्रश्नाला संबंधित कार्यालयांकडून नीट उत्तर मिळेना, आणि आयोगाला कारणे दाखवा नोटिसा काढाव्या लागल्या. शासनाने नंतर खुलासा केला की, उद्योग, शिक्षणक्षेत्र आणि शासकीय संस्था यांच्या सहकार्यातून ते घडले आहे. कोड सर्वांसमोर होता. निर्णय कोणी घेतले, याचा कागद मात्र सहज सापडत नव्हता. कोड वाचता येणे आणि जाब विचारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग बिनपगारी काम करणाऱ्याने नेमके काय देणे लागते? याचे उत्तर मला आमच्या गणेशोत्सव मंडळात सापडते. भिलाईतील मराठी कुटुंबांत असे मंडळ पाहिले नाही असे मूल विरळा. तेथे कोणालाही पगार नसतो. म्हणून कोणी कार्यकर्त्याला ‘तू पहाटेपर्यंत मांडवात का थांबला नाहीस’ असे विचारू शकत नाही; विचारलेच तर तो उठून घरी जाईल आणि ते योग्यच ठरेल. पण वर्गणीच्या पावत्या ज्याच्याकडे आहेत, त्याला हिशेब मागता येतो. तो फुकट काम करतो, ही सबब तेथे चालत नाही. आणि जो कार्याध्यक्ष वीस वर्षे खुर्ची सोडत नाही, त्याच्या मंडळात तरुण येईनासे होतात, हेही आपण पाहिले आहे. म्हणजे वेळेचा हिशेब मागता येत नाही. अधिकाराचा मागता येतो. मेंटेनर कोणाच्या विनंतीला कधी उत्तर देईल, हा त्याचा प्रश्न. पण कोणाला बाहेर काढायचे, कोणाच्या हाती किल्ल्या द्यायच्या, तक्रार आली तर ती कोणी ऐकायची, हे निर्णय घेणाऱ्याने कारणे सांगितलीच पाहिजेत.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, आचारसंहितेचा वापर न आवडणाऱ्या मताला गप्प करण्यासाठी होऊ शकतो. होय, होऊ शकतो. म्हणूनच तक्रार ऐकणारे आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, एकाच गटातले नसावेत; आरोपीला बाजू मांडता यावी; निर्णयाविरुद्ध दाद मागता यावी. दुसरा आक्षेप असा की, गोड बोलण्याच्या नादात तपासणी ढिली पडेल. एक्सझेडमध्ये तर चोर अत्यंत गोडच बोलत होता! हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला हवे आहे ते गोड बोलणे नव्हे. ‘हा कोड चुकीचा आहे, कारण अमुक’ हे वाक्य कितीही कठोर असले तरी त्यात आदर आहे. ‘तू मूर्ख आहेस’ या वाक्यात माहितीचा एक कणही नाही. कठोरपणा कोडशी असावा आणि माणसाशी सभ्यता असावी, हे जमते. उत्तम परीक्षक ते रोज करतात.

मग आपण काय करावे? केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, त्यात वापरावर भर होता. आता जपणुकीवर भर हवा. शोधनिबंधांप्रमाणेच एखाद्या वैज्ञानिक प्रणालीची पाच वर्षे केलेली देखभाल ही नेमणुकीच्या व बढतीच्या वेळी काम म्हणून मोजली जावी. शासकीय निधीतून चालणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअर प्रकल्पाने निर्णय कोण घेतो, तक्रार कोणाकडे करायची आणि मुख्य माणूस थकला तर सूत्रे कोणाकडे जातील, हे एका पानावर लिहून ठेवावे. आणि महाविद्यालयांनी पहिली विनंती कशी पाठवायची हे शिकवण्याआधी, पलीकडचा माणूस कोण आहे हे शिकवावे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी एवढेच सांगेन. उद्या तुम्ही एखाद्या प्रकल्पाला पहिला बदल पाठवाल, तेव्हा त्याआधी त्या प्रकल्पात गेल्या वर्षभरात कोण कोणाशी कसे बोलले आहे, ते तासभर वाचा. एखाद्या एकट्या मेंटेनरवर कोणी तगादा लावताना दिसले, तर त्याच्या बाजूने दोन ओळी लिहा. आपली चूक झाली तर ‘चूक माझी’ असे लिहून ती दुरुस्त करा. आणि कधी काळी किल्ल्या तुमच्या हाती आल्या, तर त्या परत कशा घेतल्या जातील याचा नियम पहिल्याच दिवशी, तुम्ही स्वतःच, लिहून ठेवा.

आंद्रेस फ्रॉइंडने अर्ध्या सेकंदाचा विलंब दुर्लक्षिला नाही, म्हणून जग वाचले. पण त्याच्या दोन वर्षे आधी एका थकलेल्या माणसाने ‘मला आता झेपत नाही’ असे सांगितले होते. तो विलंब कोणाच्याच ध्यानात आला नाही.